चार्जर जोडलेला आहे, तरी बॅटरी भरत नाही: दोष नेमका कुठे शोधावा?

डिचोलीचा मास्तर | १९ जून, रात्री ९.४०

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा आहे की माझ्या वापराचा, हेच अजून मला ठरवता आलेले नाही. गेल्या नऊ-दहा दिवसांपासून त्याची बॅटरी भरत नाही. चार्जर लावला की लॅपटॉप चालतो, पडद्याच्या कोपऱ्यात प्लगचे चिन्हही उमटते; परंतु त्यावर बाण नेला की 'जोडलेले आहे, चार्ज होत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते आणि आकडा सात टक्क्यांवरून हलत नाही. चार्जर काढला तर यंत्र दोन-तीन मिनिटांत बंद पडते.

हे कधी सुरू झाले ते मला नक्की सांगता येईल, कारण त्या रात्री यंदाचा पहिला जोराचा पाऊस झाला. विजा कडाडत होत्या, घरातली वीज चार-पाच वेळा गेली आणि आली, आणि भरीस भर म्हणून कौलातून नेमके माझ्या टेबलावर ठिबकू लागल्याने अंधारातच टेबल ओढून भिंतीपासून दूर करावे लागले. या सगळ्या गडबडीत चार्जर जोडलेलाच राहिला. सकाळपासून ही तक्रार आहे. विजेच्या झटक्याने आतले काहीतरी जळले असावे, असा माझा समज आहे.

आजवर मी दुसऱ्या खोलीतील सॉकेट वापरून पाहिले, शेजारच्या घरी नेऊन लावून पाहिले, विंडोज अद्ययावत केले आणि एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बॅटरीचा ड्रायव्हर काढून यंत्र पुन्हा सुरू केले. यातल्या कशानेही फरक पडला नाही. शेवटी एका दुकानात नेले, तर तेथील मुलाने लॅपटॉप न उघडताच 'बॅटरी गेली, नवीन घाला' असे सांगून साडेतीन हजारांचा आकडा दिला. खर्चाला माझी ना नाही. पण नवी बॅटरी घालूनही आकडा तिथेच अडकून राहिला तर दुकानदार पुढचे नाव मदरबोर्डाचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीचे, घेईल, ही धास्ती आहे. चवथीपूर्वी आमच्या वाड्यावरच्या नाटकाची संहिता टंकून पूर्ण करायची आहे, आणि वीज गेली की लिहिलेले जाते. दोन प्रवेश असेच गेले. बॅटरी, चार्जर की मदरबोर्ड, हे घरच्या घरी ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

जुना सोल्डरवाला | १९ जून, रात्री ११.१५

मास्तर, दुकानातल्या मुलाचे म्हणणे खोटेच ठरेल असे मी म्हणत नाही, पण दुसरा चार्जर लावून न पाहता बॅटरीला दोष देणे हे निदान नव्हे, तो अंदाज आहे. मी फोंड्यात बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे. बॅटरी भरत नाही म्हणून आलेल्या लॅपटॉपांपैकी पुष्कळ असे निघतात की त्यांची बॅटरी भरू शकते, पण तिला कोणीतरी भरू देत नसते. म्हणून तुम्ही काय जळले हे शोधण्याआधी नकार कोण देतो आहे हे शोधा.

नकार देऊ शकणारे असे किती जण आहेत ते पाहू. भिंतीतल्या २३० व्होल्टांचे चार्जर साधारण १९ किंवा २० व्होल्ट करतो. ते जॅकमधून, म्हणजे लॅपटॉपच्या ज्या भोकात चार्जरची पिन शिरते तिथून, मदरबोर्डावर येतात. तिथले चार्जिंग सर्किट ते बॅटरीला मानवतील एवढे उतरवून पुढे पाठवते. बॅटरीच्या आत पुन्हा एक छोटी संरक्षक पट्टी असते, जी प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान पाहूनच दार उघडते. या सगळ्यांवर मदरबोर्डावरचा एक वेगळा कंट्रोलर लक्ष ठेवून असतो आणि विंडोज बंद असतानाही तो जागा असतो. विंडोज तुम्हाला फक्त त्याने दिलेली बातमी वाचून दाखवते. त्यामुळे ड्रायव्हर काढून-घालून क्वचितच काही साधते. नुकसान होत नाही, एवढेच.

हे पडताळण्याची सर्वांत सोपी चाचणी अशी की लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर लावून तासभर ठेवावा आणि मग सुरू करून आकडा पाहावा. बंद असताना बॅटरी भरली आणि चालू असताना भरली नाही, तर सॉफ्टवेअरवर किंवा कमी ताकदीच्या चार्जरवर संशय घ्यावा. बंद असतानाही सातचे सातच राहिले, तर विंडोजला त्या प्रकरणातून वगळावे आणि तिकडे आणखी वेळ घालवू नये.

दुसरे, तुमच्या चार्जरची पिन पाहा. ती गोल असून तिच्या मध्यभागी सुईसारखी बारीक काडी आहे का? काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये वीज वाहते ती गोल नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठावरून. मधली काडी वीज वाहून नेत नाही, ती केवळ ओळख सांगते, म्हणजे हा चार्जर ६५ वॉटचा आहे की ९० वॉटचा, हे कंट्रोलरला कळवते. तिच्याकडे जाणारी तार केसाएवढी बारीक असते आणि ती तुटली तर गंमत अशी होते की वीज व्यवस्थित येत राहते, लॅपटॉप चालतो, पण 'हा कोण आहे ते मला कळत नाही, याच्यावर दुहेरी भार टाकणार नाही' असे ठरवून कंट्रोलर बॅटरी भरणे थांबवतो आणि बहुधा प्रोसेसरची गतीही उतरवतो. अशा वेळी यंत्र सुरू होताना, विंडोज येण्याआधी, काळ्या पडद्यावर क्षणभर एक सूचना येते. ती तुम्हाला दिसली का? यंत्र अलीकडे संथ वाटते का? या दोन प्रश्नांची उत्तरे आधी द्या.

तिसरे, साचलेली वीज काढून टाकण्याचा उपाय करून पाहायला हरकत नाही, विशेषतः वीज ये-जा करत असताना कंट्रोलर गोंधळला असेल तर. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा, मग बॅटरी व चार्जर परत लावून यंत्र सुरू करा. बॅटरी आत बंदिस्त असेल तर काही मॉडेलांच्या तळाशी टाचणी जाईल एवढे एक भोक असते, त्यात आतले बटण असते. ते आहे का पाहा, नसेल तर नुसते पॉवरचे बटण दाबून धरा.

चौथे, बॅटरीची प्रकृती आकड्यांत मागवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याची काळी खिडकी, उघडून 'पॉवरसीएफजी' हा शब्द रोमन लिपीत सलग टंकावा, एक जागा सोडावी आणि तिरपी रेघ (/) देऊन तिला चिकटूनच 'बॅटरीरिपोर्ट' टंकावे. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची क्षमता असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर निम्म्याहून खाली असेल तर दुकानातल्या मुलाच्या म्हणण्याला आधार मिळतो.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याचे यंत्र, असलेल्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. पिनेवर १९.५ व्होल्ट दिसले म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही. आतल्या तारेचे दहातले नऊ धागे तुटून एकच उरला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. लॅपटॉपने दोन-तीन अँपिअर मागताच तोच व्होल्टेज कोसळतो. आणि ओळख सांगणाऱ्या काडीबद्दल मीटर काहीच सांगत नाही. खरी परीक्षा एकच, त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा आणि चालू असल्याची खात्री असलेला दुसरा चार्जर लावून पाहणे.

म्हापसेकर | २० जून, सकाळी ८.०५

एवढी उठाठेव कशासाठी, असे मला वाटते. माझ्या लॅपटॉपला गेल्या वर्षी हेच झाले होते. बॅटरी बदलली, आजवर तक्रार नाही. चार वर्षे झाली म्हणजे बॅटरीने आपले काम केले. नवीन घातल्यावर मात्र पहिल्यांदा आठ तास सलग चार्ज करावी आणि नंतर दर आठवड्याला एकदा पूर्ण शून्यावर आणून मग भरावी, म्हणजे ती टिकते.

मोरजीची वाचक | २० जून, दुपारी २.३०

सोल्डरवाल्यांनी सांगितलेल्या नकाराच्या यादीत मी दोन जणांची भर घालते.

पहिला नकार आपणच देऊन ठेवलेला असतो. माझ्या लॅपटॉपचा आकडा एकदा ६० वर येऊन थांबला आणि मी दोन दिवस रडकुंडीला आले होते. शेवटी कळले की बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून कंपनीने दिलेली मर्यादा माझ्या मुलाने चालू केली होती. लेनोव्होच्या व्हँटेज या प्रोग्रॅममध्ये तिला कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, आसूसमध्येही तशीच सोय आहे, आणि काही यंत्रांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, असते. मॉडेलनुसार चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबते. मास्तरांचा आकडा सातवर अडकलेला असल्याने हे कारण त्यांना लागू नाही, पण हा धागा पुढे वाचणाऱ्या कोणाचा आकडा ५९-६० किंवा ७९-८० वर थांबत असेल तर त्याने आधी हीच जागा पाहावी, दुकानाची पायरी नंतर चढावी.

दुसरा नकार हवेचा. आमचे घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. खारे वारे आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी इथे खिडकीचे बिजागर दोन वर्षांत गळून पडते, तिथे लॅपटॉपच्या जॅकमधल्या पातळ पट्ट्यांची काय कथा! टॉर्च लावून जॅकमध्ये पाहिले तर हिरवट किंवा पांढुरकी पूड दिसते का ते पाहावे. ती दिसली तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशाची टोके किंचित ओली करून जॅक हलक्या हाताने साफ करावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नये. टाचणी, सेफ्टीपिन, घरगुती तेल किंवा अत्तर यांपैकी काहीही आत घालू नये. गेल्या पावसाळ्यात माझ्या जॅकमधून चक्क मुंग्या निघाल्या होत्या. ऊब आणि कोरडेपणा यांसाठी त्या तिथे जात असाव्यात, त्यांना माझ्या कामाशी काही देणेघेणे नव्हते.

एक गोष्ट उन्हाळ्याची. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच भरू दिली जाते. मे महिन्यात बंद गाडीत दुपारभर राहिलेला लॅपटॉप घरी आणून लगेच चार्जर लावला तर संरक्षक पट्टी नकार देते आणि तास-दोन तासांनी सगळे आपोआप सुरळीत होते. हा बिघाड नसतो.

डिचोलीचा मास्तर | २२ जून, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस चाचण्या करण्यात गेले. जसे घडले तसे मांडतो.

सोल्डरवाल्यांनी विचारलेल्या सूचनेबद्दल आधी कबुली देतो. ती सूचना येत होती. यंत्र सुरू करताना काळ्या पडद्यावर तीन-चार इंग्रजी ओळी येत आणि खाली 'पुढे जाण्यासाठी कळ दाबा' असे असे. मी रोज न वाचता कळ दाबत होतो, आणि वर्गातल्या मुलांना मात्र प्रश्न पूर्ण वाचून मग उत्तर लिहा असे बजावत होतो. काल ती वाचली. चार्जरचा प्रकार व वॉट ओळखता आले नाहीत, बॅटरी भरली जाणार नाही आणि यंत्र कमी गतीने चालेल, असा तिचा अर्थ आहे. यंत्र संथ झाले होतेच, पण तो दोष मी विंडोजच्या नव्या अपडेटवर ढकलला होता.

यंत्र बंद करून रात्रभर चार्जर लावून ठेवला. सकाळी आकडा सातच. पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरण्याचा उपायही केला, त्याने काही झाले नाही. बॅटरीच्या अहवालात मूळ क्षमता ४२,००० आणि आजची ३०,२४० मिलिवॉट-तास दिसते, म्हणजे ७२ टक्के. जॅकमध्ये टॉर्च मारून पाहिले. थोडी धूळ होती, हिरवे काही दिसले नाही.

त्यानंतर आमच्या शाळेतील एका सहकारी बाईंकडे त्याच कंपनीचा ६५ वॉटचा चार्जर आहे, तो आज मागून आणला. सूचना आलीच नाही, आणि पाऊण तासात आकडा ७ वरून ५२ वर गेला. आनंदाच्या भरात मी माझा चार्जर पुन्हा लावला, तेव्हा सूचना परत आली. मग पिनेजवळ जिथे तार प्लास्टिकच्या मुठीत शिरते तिथे बोटांनी चाचपले तर तार एका बाजूला चपटी लागली. तिथेच ती एका विशिष्ट कोनात धरून यंत्र सुरू केले की सूचना येत नाही आणि बॅटरी भरू लागते. हात सोडला की पुन्हा तेच.

म्हणजे वीज निर्दोष ठरली. त्या रात्री अंधारात टेबल ओढले तेव्हा त्याचा पाय तारेवर बसला असणार, आणि सकाळी टेबल परत जागेवर नेताना मीच ती तार खालून ओढून काढली होती, हे आता आठवते.

आता तीन शंका उरल्या. पिनेजवळची तार कापून पुन्हा जोडता येईल का? बाजारात सातशे-आठशे रुपयांना याच पिनेचे बिनकंपनीचे चार्जर मिळतात, ते चालतील का? आणि ७२ टक्के उरलेली बॅटरी आत्ताच बदलावी की थांबावे?

जुना सोल्डरवाला | २२ जून, रात्री ११.५०

तार चपटी कुठे झाली ते तुम्ही स्वतः चाचपून शोधलेत, हे उत्तम झाले; आता तुम्हाला मदरबोर्डाच्या नावाने कोणी घाबरवू शकणार नाही.

तार जोडता येते. पिनेसह तारेचा नवा तुकडा मिळतो आणि तो चार्जरच्या तारेला सोल्डर करून बसवता येतो, परंतु त्यात वीज नेणाऱ्या दोन तारांबरोबर ओळखीची तिसरी तारही हवी. दोनच तारांचा तुकडा बसवला तर लॅपटॉप चालेल आणि बॅटरी भरणार नाही, म्हणजे आज आहात तिथेच पुन्हा याल. सोल्डर केलेल्या जागी तार ताठ होते आणि पुढच्या वेळी त्याच्या शेजारीच मोडते, म्हणून मी स्वतः अशी दुरुस्ती तात्पुरती समजतो. पिनेच्या मुठीवर चिकटपट्टी गुंडाळून तार एका कोनात अडकवून ठेवण्याचा मोह होईल. तो टाळा. तुटके धागे एकमेकांना घासून तापतात, आणि ओळखीच्या तारेला वीजवाहू तार लागली तर आज वाचलेला मदरबोर्ड खरोखरच जळू शकतो.

नवीन चार्जर घेताना चार गोष्टी पाहा. जुन्या चार्जरच्या लेबलवरचा व्होल्टेज आणि नव्याचा व्होल्टेज सारखाच हवा. अँपिअर जुन्याएवढे किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहीत, १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट होतात, आणि त्याच पिनेचा २.३१ अँपिअरचा चार्जर म्हणजे ४५ वॉट, जो तुमच्या यंत्राला चालवील पण वापरात असताना बॅटरी रखडत भरील किंवा भरणारच नाही. पिनेत मधली काडी असलीच पाहिजे, आणि ती नुसती दिसायला नसून आत ओळखीची चिप असली पाहिजे. म्हणूनच स्वस्त चार्जर दुकानातच लावून, यंत्र नव्याने सुरू करून, सूचना येते का ते पाहूनच पैसे द्या. चौथी गोष्ट भारतीय मानक ब्यूरोच्या खुणेची. लॅपटॉपच्या चार्जरना नोंदणी सक्तीची आहे, त्यांच्यावर आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकून कोणाच्या नावावर आहे ते पाहता येते. बिनकंपनीच्या चार्जरवर तो क्रमांक नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर सातशे रुपयेही जास्त झाले असे समजा.

बॅटरी आत्ता बदलू नका. चार वर्षांनी ७२ टक्के ही मला चांगली स्थिती वाटते. संहिता टंकताना वीज गेली तर दीड-दोन तास सहज मिळतील. मात्र नवा चार्जर येईपर्यंत ती सात टक्क्यांवर किंवा त्याखाली पडून राहू देऊ नका, सहकारी बाईंचा चार्जर आणून अधूनमधून निम्म्यापर्यंत भरत राहा. लॅपटॉप बंद असला तरी संरक्षक पट्टी आणि कंट्रोलर थेंब-थेंब वीज घेतच असतात. एका सेलचा व्होल्टेज भरलेल्या स्थितीत ४.२ च्या आसपास असतो. तो अडीच-तीनच्या खाली घसरला की पट्टी आधी अगदी थोड्या करंटने त्याला वर आणून पाहते, आणि फारच खाली गेला असेल तर कायमचे कुलूप लावते. हा नकार खरा असतो, आणि बॅटरी फोडून आतले सेल बदलण्याच्या फंदात घरी कोणीही पडू नये.

म्हापसेकरांच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आठ तास सलग भरणे आणि दर आठवड्याला शून्यावर आणणे हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे, तेव्हा त्याला कारणही होते. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण रिकामे होणे सोसत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान खेळवली तर ती अधिक टिकते. टक्केवारीचा आकडा अचानक उड्या मारू लागला तर तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण भरून खालपर्यंत उतरवण्याचा उपयोग होतो, पण त्याने मापन सुधारते, बॅटरी सुधारत नाही.

एवढ्यात एक पाहणी करून टाका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही पाय टेकतात का, टचपॅड वर आलेला किंवा दाबायला कडक झालेला आहे का, झाकण पूर्ण मिटते का, हे पाहा. यातले काही आढळले तर बॅटरी फुगलेली आहे. मग टक्केवारी कितीही चांगली असो, वापर थांबवून ती काढून घ्यावी, टोचू नये, दाबून बसवू नये आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा नवीन घेताना जुनी परत घेण्याविषयी विक्रेत्याला जरूर विचारा.

म्हापसेकर | २३ जून, सकाळी ७.५०

राग कसला, मी वडिलांकडून ऐकलेले सांगितले होते. माझी बॅटरी खरोखरच गेली होती हे मात्र मी सोडत नाही. त्या वेळी ती फुगून टचपॅड वर आला होता, ते लिहायचे राहिले. पण एक सांगा, मास्तरांच्या बाबतीत वीज निर्दोष ठरली म्हणून पावसाळ्यात चार्जर बिनधास्त जोडून ठेवावा का? आमच्याकडे दिवे लुकलुकले की मी सर्ज प्रोटेक्टरच्या, म्हणजे विजेचा झटका अडवणाऱ्या प्लगपट्टीच्या, भरवशावर बसून राहतो.

जुना सोल्डरवाला | २३ जून, दुपारी १.१०

भरवशावर बसू नका. सर्ज प्रोटेक्टरच्या आतला घटक प्रत्येक झटक्याबरोबर थोडा झिजतो, आणि चांगल्या अर्थिंगवाचून त्याचे अर्धे काम होतच नाही. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत उन्हाळाभर ओल राहत नाही, त्यामुळे जुन्या घरांचे अर्थिंग नावापुरतेच उरलेले मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. धातूच्या लॅपटॉपला चार्जर लावल्यावर मनगटाला झिणझिण्या येत असतील किंवा बाण पडद्यावर थरथरत असेल, तर आधी अर्थिंग तपासून घ्या. लुकलुकणाऱ्या दिव्यांचे चार्जरला फारसे वाटत नाही, तो १०० ते २४० व्होल्टांपर्यंत सांभाळून घेतो. जवळ पडणारी वीज मात्र कोणालाच सांभाळून घेत नाही. गडगडाट ऐकू येऊ लागला की प्लग भिंतीतूनच काढावा, नुसता स्विच बंद करू नये, आणि इंटरनेटची केबल जोडलेली असेल तर तीही काढावी.

मास्तर, वर्डमध्ये आपोआप जतन होण्याचा अवधी मुळात दहा मिनिटांचा असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन एक मिनिट करा.

डिचोलीचा मास्तर | २७ जून, रात्री ८.३५

काल पणजीत कामाला गेलो होतो, तिथून कंपनीचाच ६५ वॉटचा चार्जर आणला. दुकानात लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगितले तेव्हा दुकानदार किंचित नाराज दिसला, पण त्याने दाखवले. सूचना आली नाही. लेबलवरचा 'आर' क्रमांक अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला, तो चार्जरचाच निघाला. आज संध्याकाळी पहिल्यांदा बॅटरी शंभरावर गेली, टचपॅड सपाट आहे आणि चारही पाय टेकतात.

जुना चार्जर फेकलेला नाही. पुढच्या आठवड्यात फोंड्याला येणे आहे, तेव्हा तीन तारांचा तुकडा मिळाल्यास तुमच्याकडूनच बसवून घेईन. शाळेत एक जादा चार्जर असलेला बरा. जतन होण्याचा अवधी एक मिनिट केला आहे. गेलेल्या दोन प्रवेशांपैकी एक पुन्हा लिहून झाला, आणि खरे सांगायचे तर तो आधीपेक्षा आटोपशीर झाला आहे. टेबल आता भिंतीला लावलेले नाही. कौलाचे काम मात्र पाऊस ओसरल्यावरच होईल, तोवर तार टेबलाच्या पायापासून लांब, कमरेएवढ्या उंचीवर खिळ्याला सैल टांगून ठेवली आहे.